जनरेटर चालतो, पण करंट येत नाही
(रेडिओवरील भाषण)



२०१२-१३च्या दुष्काळात आपल्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा पाण्यावाचून कशा वाळल्या, ते आपण पाहिलं आहे. ऐन उन्हाळ्यात पाणी चुकलं की बाग माफ करत नाही. अशा वेळी लाईट गेली, म्हणून ठिबकच्या लहान मोटरीसाठी तुम्ही जनरेटर बाहेर काढता. इंजिन झकास चालतं, पण करंट काही येत नाही. मग कुणी म्हणतं, "कॉईल जळाली," आणि मशीन वायंडिंगला जातं. थोडं थांबा. दोष पुष्कळदा लहानच असतो. स्वस्त तपासणी आधी करा, महाग दुरुस्ती शेवटी.

पहिली गोष्ट, सगळा लोड काढा. ब्रेकर पडला असेल तर वर करा. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, लहान जनरेटरला ते पेलत नाही. आता जनरेटरच्याच सॉकेटला एक बल्ब लावा. तो पेटला तर मशीन ठीक आहे. दोष वायरीत किंवा मोटरीत शोधा, नाहीतर मोटरच जनरेटरला जड आहे.

दुसरी गोष्ट, इंजिनची गती. साधे लहान जनरेटर बहुधा मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ५० हर्ट्झची वीज देतात. एअर फिल्टर धुळीनं भरला की गती पडते. तो साफ करा. गव्हर्नरचा स्क्रू मात्र अंदाजानं पिळू नका.

तिसरी गोष्ट, मीटर लावून पाहणं. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या. सॉकेटवर दोन-पाच व्होल्ट दिसले, तर लोखंडातलं चुंबकत्व शिल्लक आहे असं समजा. मग ब्रशच्या मशीनमध्ये झिजलेले ब्रश किंवा एव्हीआर, आणि बिनब्रशच्या मशीनमध्ये कपॅसिटर तपासायला सांगा. इंजिन बंद केलं तरी कपॅसिटरमध्ये करंट राहतो, त्याला हात लावू नका.

मीटर अगदी शून्य दाखवत असेल, तर एखादी तार तुटली असेल किंवा चुंबकत्व गेलं असेल. मशीन महिनोन् महिने पडून राहिलं, किंवा लोड चालू असताना पेट्रोल संपून बंद पडलं, की असं होतं. ब्रशच्या मशीनला मेकॅनिक एव्हीआरच्या तारा सोडवून १२ व्होल्टच्या बॅटरीनं काही सेकंदांत चुंबकत्व परत देतो. घरी हा प्रयोग करू नका. जोडणी उलटी झाली तर नुकसान वाढतं. एवढं सगळं पाहून झालं, की मगच वायंडिंगचा विचार करा.

पुढं असं होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा मशीन पंधरा मिनिटं थोड्या लोडवर चालवा. सुरू करताना लोड नको, आणि बंद करण्याआधी लोड काढा.

शेवटी दोन गोष्टी जिवाच्या. जनरेटर बंद खोलीत किंवा गोठ्यात चालवू नका. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. आणि चेंजओव्हर स्विच नसेल तर घरच्या लाईनला जनरेटर जोडू नका. वीज उलटी खांबावर जाते, आणि तिथं काम करणारा लाईनमन कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस असतो.

बरं आहे तर मंडळी, राम राम.