टोक आधी, वाक नंतर

श्रोतेहो, कापसाचा शेवटचा वेचा झाला, पऱ्हाट्या उपटून बांधावर रचल्या, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पोट्ट्यांची लढाई सुरू होते. त्यातच शिवजयंती येते. पऱ्हाटीची तलवार फुकटात मिळते, हे कबूल. पण तिचं वाळलेलं टोक कुणाच्या डोळ्यासमोरून फिरलं की माझा जीव वर-खाली होतो. म्हणून आज फोमच्या वाकड्या तलवारीबद्दल.

ही काही परदेशी चूष नव्हे. अमेरिकेत डॅगोरहिर नावाचा फोमच्या शस्त्रांचा खेळ १९७७ पासून चालतो. आपल्या आखाड्यांतला फरीगदका त्याच्या किती आधीचा! गदक्याची वेताची छडी चामड्याने मढवलेली असते. आत ताठ, वर नरम. फोमच्या तलवारीतही तेवढीच अक्कल आहे: आत पाइप, वर फोम.

मुलं मात्र सुरुवात करतात ती वाकापासून. बाबांनो, आधी टोक! घरी आईला करंज्या करताना पाहिलंय ना? करंजी पोटात फुटत नाही, कडेला फुटते. आणि एक फुटली की सारण तेलात उतरून सगळी कढई बिघडते. तलवारीचं तसंच. आतला पाइप टोकातून बाहेर आला, एखाद्याला लागलं, की त्या दिवसाचा खेळ मोडला, आणि पुढच्या वर्षी कुणी मैदानही देत नाही.

तेव्हा पाइप टोकाच्या चार बोटं आधीच थांबवा. त्याचं तोंड रबरी बूच लावून, वर पट्टी गुंडाळून बंद करा. उघडं तोंड प्रत्येक वाराला फोम गोल कापत जातं. वरून काहीच दिसत नाही, आणि एक दिवस पाइप बाहेर. पुढची चार बोटं नुसत्या फोमची. गादीचा फोम नको, तो दाबला की आतला पाइप लागतो. योगाच्या चटईचा किंवा जिमच्या जाड चटयांचा घट्ट फोम घ्या.

आता वाक. अर्धा इंची पीव्हीसी पाइपात कोरडी वाळू गच्च भरा, म्हणजे वाकताना तो चेपत नाही. उकळत्या पाण्यावर नरम करा. हे मोठ्या माणसाने करायचं, आणि चुलीच्या जाळावर मुळीच नाही, धूर विषारी असतो. मग फळीवर ओळीने खिळे ठोकून त्यांना टेकवून गार होऊ द्या, आणि वाळू काढून टाका. वाक थोडाच बरा.

फोमचे थर आधी वाकवायचे, मग चिकटवायचे. करंजीची पारी दुमडल्यावरच आपण कड दाबतो ना? सरळ चिकटवून मागून वाकवलं, तर आतल्या बाजूला सुरकुत्या आणि बाहेरचा थर सुटलेला. चपलेचं सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावा, बोटाला लागेनासं झालं की दाबा. पांढरा फेव्हिकॉल इथे कामाचा नाही. उन्हात ठेवलेला पीव्हीसी कालांतराने ठिसूळ होतो, तेव्हा यवतमाळच्या मे महिन्यात तलवार गच्चीवर टाकू नका. आणि जुनी झाली तर मोडेपर्यंत वाट पाहू नका.

शेजारच्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथे शिकलेले व्यायामशिक्षक गावात असतील, तर तलवार एकदा त्यांच्या हाती द्या. टोक त्यांनीही दाबून पाहावं! मी टोक-टोक फार करतोय, ठाऊक आहे मला.

मुठीचं सांगायचं राहिलं. वाकड्या पात्याचं वजन एका अंगाला झुकतं, म्हणून मूठ गोल नको, चापट हवी. नाहीतर ती हातात फिरते आणि धारेची बाजू... बरं, निवेदिका ताई घड्याळ दाखवताहेत. ढालीचं तर आज होणारच नाही. मुठीवर सुतळी गुंडाळा, घामाने निसटत नाही. आणि दर डावाआधी अंगठ्याने टोक दाबा. आत टणक लागलं, तर ती तलवार त्या दिवशी मैदानाबाहेर.