चौकाचा कोपरा
चौकात अपघात झाला की दोष चालकाचा की पादचाऱ्याचा, यावर वाद रंगतो; कोपऱ्याचा आकार कुणी मोजत नाही. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी डावीकडे वळणारा कोपरा इतका ऐसपैस गोल असतो, की वेग न उतरवता वळता येतं. ताशी ५० किलोमीटरचा वेग ३० वर आला, तर धडकेतली ऊर्जा जेमतेम ३६ टक्के उरते. माणूस वाचणार की नाही, हे बऱ्याचदा तिथेच ठरतं. नेदरलँड्समधल्या अनेक चौकांत कोपऱ्यावर छोटं बेट बांधतात. त्याने वळण आवळतं आणि सायकलमार्ग साधारण एका मोटारीच्या लांबीइतका आत सरकतो. चालकाची गाडी तोवर बरीचशी वळलेली असते, त्यामुळे सायकलस्वार त्याला आरशात शोधावा लागत नाही, समोरच दिसतो. तिथली वाहतूक उजवीकडून चालते. आपल्याला आराखडा उलटा करावा लागेल, एवढंच.

मग बस आणि ट्रक कसे वळणार? प्रश्न रास्त आहे. बेटाची कड उतरती, खडबडीत ठेवली की अवजड वाहनाचं मागचं चाक तिच्यावरून जातं, मोटारचालक मात्र ती टाळतो. दुसरा आक्षेप कोंडीचा. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसाला १८ मीटर ओलांडायला १५ सेकंद लागतात. कोपरे पुढे आणून अंतर १२ मीटर केलं, तर १० पुरतात. वाचलेला वेळ वाहनांनाच देता येतो. खरी अडचण वेगळीच आहे: बेटावर दुचाक्या उभ्या राहिल्या, तर ते बांधून उपयोग नाही. तिथे खांब लागतील, आणि त्यांच्यामधून व्हीलचेअर जाईल एवढी जागाही.