शाळेची निवड : जमीन पाहून वाण

(वाशिंद येथे शहापूर व मुरबाड तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यासमोर मी एरवी भाताची रोपवाटिका, भेंडीवरील रोग किंवा खताच्या मात्रा यांविषयी बोलतो. आज विषय वेगळा आहे. शिवारफेरी संपवून चहाला बसलो की आपल्यापैकी कोणीतरी हळूच विचारतो, "सर, पोराला गावच्याच शाळेत ठेवू, की व्हॅन लावून वाशिंदला घालू? आश्रमशाळा बरी, की इंग्रजी शाळा?" हा प्रश्न आता युरियाच्या प्रश्नाइतकाच नेहमीचा झाला आहे. मी शिक्षणशास्त्राचा जाणकार नाही, शेतीचा शिक्षक आहे. परंतु शेतकऱ्याच्या घरातील सर्वांत मोठी गुंतवणूक जर मुलांच्या शिक्षणावर होत असेल, तर तिचाही हिशोब मांडला पाहिजे, म्हणून चार गोष्टी सांगतो.

वरकस जमिनीत आपण हळवे भात घेतो आणि पाणी धरून ठेवणाऱ्या सखल खाचरात गरवे. शेजाऱ्याचे गरवे भात जोरदार दिसते म्हणून कोणी ते माळावर लावीत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र आपण नेमके हेच करतो. शेजाऱ्याच्या दारात व्हॅन आली की आपल्याही दारात ती यावी असे वाटते. जमीन पाहून वाण निवडावा, तसे मूल आणि घर पाहून शाळा निवडावी, एवढेच मला सांगायचे आहे.

कोणकोणते पर्याय आहेत?

वाशिंद, आसनगाव, खर्डी ही रेल्वेकाठची गावे आणि डोळखांब, टोकावडेकडचे आतील पाडे यांची स्थिती सारखी नाही. तरीही एकूण पर्याय पुढीलप्रमाणे आहेत.

1) जिल्हा परिषदेची शाळा : शिक्षण हक्क कायदा 2009 साली झाला. त्याखालील राज्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी. फी नाही. पुस्तके व दुपारचे जेवण मिळते.

2) खाजगी अनुदानित शाळा : ही संस्थेने चालवायची आणि शिक्षकांचे पगार शासनाने द्यायचे. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1991 साली कायदा करून सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या 'चार्टर' शाळा सुरू केल्या. त्याचे पुष्कळ कौतुक झाले. परंतु समाजाने शाळा काढावी आणि शासनाने तिला हातभार लावावा ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती शेतकऱ्यांच्याच मुलांसाठी. आपल्या भागातील अनेक माध्यमिक शाळा याच अनुदानित प्रकारच्या आहेत.

3) स्वयंअर्थसहाय्यित शाळा : 2012 च्या कायद्याने मान्यता मिळालेल्या या शाळा पूर्णपणे पालकांच्या फीवर चालतात. प्रवेशापूर्वी शाळेची मान्यता व यू-डायस क्रमांक विचारून घ्यावा. ज्या इयत्तेपर्यंत मान्यता आहे, तिच्या पुढचे वर्गही त्याच इमारतीत भरत असतील तर सावध राहावे.

4) पंचवीस टक्के राखीव जागा : खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेशपातळीवर मोफत जागा मिळतात. फेब्रुवारी 2024 मध्ये ही तरतूद आकसणारा बदल नियमांत करण्यात आला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये रद्द केला. मात्र हे लक्षात ठेवावे, की मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला फी भरावी लागते. ती भरण्याची तयारी आहे का, याचा विचार पहिलीतच करावा.

5) आश्रमशाळा व इतर निवासी शाळा : आदिवासी विकास विभागाच्या शासकीय व अनुदानित आश्रमशाळा, एकलव्य निवासी शाळा, तसेच नामांकित इंग्रजी निवासी शाळांतील प्रवेशाची योजना, यांची माहिती शहापूर येथील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मिळते. सर्वच समाजांच्या मुलांसाठी जवाहर नवोदय विद्यालय आहे. त्याची निवड परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते, किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात आणि राहणे, जेवण मोफत असते. आपल्याकडे अर्जच कमी जातात. गावच्या शिक्षकांना जूनमध्येच आठवण करून द्यावी.

निवडीपूर्वी उगवणशक्ती तपासा

पेरणीपूर्वी आपण शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून उगवणशक्ती पाहतो. पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे पेरत नाही. शाळेचीही अशीच परीक्षा घेता येते. त्या शाळेतील पाचवीच्या कोणत्याही दोन-तीन मुलांना बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर वाचायला सांगा. मग विचारा, "एकराला 16 किलो बियाणे लागते, तर 15 गुंठ्यांना किती?" उत्तर 6 किलो. मूल थोडे अडखळले तरी हरकत नाही, पण ते विचार करते का ते पाहा. इंग्रजी शाळा असेल तर पुस्तकातील इंग्रजी ओळ वाचायला लावा आणि तिचा अर्थ मराठीत विचारा.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या भावाने मुलाला पहिलीपासून नऊ किलोमीटरवरच्या एका शाळेत घातले. बूट, टाय, व्हॅन, सर्व थाट होता. तिसरीत असताना दिवाळीच्या सुटीत मी त्याला खताच्या गोणीवरील शब्द वाचायला सांगितले. त्याला मराठी वाचता आले नाही आणि इंग्रजीही नाही. कविता मात्र घडाघडा म्हणत होता. माझी वहिनी रडली. तीन वर्षे आम्ही सर्वांनी त्याचे प्रगतिपुस्तक पाहिले होते, त्याचे वाचन कोणीच ऐकले नव्हते. दोष एकट्या शाळेचा नव्हता. मी स्वतः शिक्षक असून विचारले नाही. पुढे तो गावच्या शाळेत परत आला. तेथील बाईंनी त्याला वर्षभर रोज अर्धा तास जवळ बसवून वाचायला शिकविले.

इंग्रजीला माझा विरोध नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचनांपासून उच्च शिक्षणापर्यंत इंग्रजी लागतेच. परंतु ज्या मुलाच्या घरी कातकरी किंवा ठाकरी बोली आहे, त्याला प्रमाण मराठीसुद्धा नवीच असते. आधी एका भाषेत पक्के वाचता आले, की दुसरी भाषा धरते. रोप नीट मुळावल्याशिवाय आपण लावणी करीत नाही.

खर्चाचा ताळेबंद

शाळेची फी आणि व्हॅनचा आगाऊ हप्ता जूनमध्ये भरावा लागतो. त्याच महिन्यात बियाणे, खत आणि नांगरणीचा खर्च असतो. म्हणून खर्च रुपयांत न मांडता भातात मांडावा. समजा फी, व्हॅन, गणवेश, वह्या व शिकवणी धरून एका मुलामागे वर्षाला 25,000 रुपये लागतात. 2025-26 च्या खरीप हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये होती. त्या दराने हे साडेदहा क्विंटल भात झाले. आपल्याकडील बऱ्याच खाचरांत एका एकरात एवढेच निघते, आणि त्यातून लागवडीचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. खर्च करू नये असे नाही. पण एकरभर भात एका मुलाच्या शाळेत जाणार असेल, तर त्याच्या धाकट्या बहिणीच्या वाट्याला काय उरते, हे घरात सर्वांनी बसून पाहावे. अनेक घरांत मुलगा व्हॅनने जातो आणि मुलगी पायी. हे आपण थांबविले पाहिजे.

शाळा मुलाकडे जाऊ शकते

भातकापणी झाली की आपल्या भागातील कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या मुलांचे दुसरे सत्र दरवर्षी बुडते. अशा मुलांसाठी काय करावे, याचे उत्तर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यानेच देशाला दिले आहे.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरविली, ती अंगणवाडी. मोठी मुले गुरे घेऊन रानात जात, म्हणून शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द गावोगावी पोहोचला. पुढे विधायक संसद या संस्थेने वसई भागात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी.

आज स्थलांतरित होणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय आहे. गाव सोडताना ते शाळेतून घ्यावे आणि भट्टीजवळच्या शाळेत दाखवावे. दाखला नाही या कारणावरून कोणतीही शासकीय किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या शेतावर मजूर येतात किंवा ज्यांनी भट्टीसाठी जागा दिली आहे, त्यांनी एवढे तरी पाहावे, की तेथील मुले जवळच्या शाळेत जातात.

शाळेला वयाचीही अट नसते. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी शिकू लागल्या. ज्या घरात आजी वाचायला बसते, त्या घरात नातवंडाला अभ्यासाला बसण्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

हाताला काम देणारे शिक्षण

दुसरी तक्रार अशी असते, की मुलगा शिकला आणि शेतीतून उठला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील अभ्यासक्रमात शाळेतील मुले आठवड्यातून एक दिवस वेल्डिंग, वीज, शेती-पशुपालन, आहार व आरोग्य ही कामे प्रत्यक्ष करून शिकतात. मुले तयार करतात त्या वस्तू व सेवा गावाच्या उपयोगी पडतात. हा अभ्यासक्रम नंतर इतर माध्यमिक शाळांतही गेला. आपल्या माध्यमिक शाळेने अशी सोय करावी, अशी मागणी पालकांनी करावी. दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयातील पदविकेचा मार्ग आहे. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांना सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येते, किंवा मुक्त विद्यालयातून परीक्षा देता येते.

गावच्या शाळेचा बांध

आता शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. डिसेंबर 2017 मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुले जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला होता. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. म्हणजे आपण जेव्हा पाच मुले काढून व्हॅनमध्ये बसवितो, तेव्हा उरलेल्या बारा मुलांच्या शाळेचा बांध फोडतो. त्या बारांकडे व्हॅनचे पैसे नसतात. शाळा लांब गेली, की ओढा ओलांडून जाणाऱ्या मुलींची शाळा आधी सुटते.

गावच्या शाळेत उणिवा नाहीत असे मी म्हणत नाही. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, त्यात कागदपत्रांचे ओझे, हे मी पाहतो. पण या शाळेवर आपला जेवढा अधिकार आहे, तेवढा दुसऱ्या कोणत्याही शाळेवर नाही. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. आपल्यापैकी किती जण तिच्या सभेला गेले आहेत? हात वर करा म्हटले, तर थोडेच वर होतील. सोसायटीच्या निवडणुकीला आपण रात्र जागवितो आणि या समितीच्या सभेला मात्र सही घरी मागवितो.

म्हणून या जूनपूर्वी पुढील गोष्टी कराव्यात :

1) आपल्या मुलाचे वाचन व भागाकार स्वतः तपासावा. स्वतःला येत नसेल तर गावातील शिकलेल्या मुलीकडून तपासून घ्यावा.

2) शाळा बदलायची असल्यास एक वार तेथे जाऊन वर्ग चालू असताना पाहावे. इमारत पाहून परत येऊ नये.

3) खर्च भातात मांडावा आणि मुलगी-मुलगा दोघांचा मांडावा.

4) मूल आश्रमशाळेत असेल तर महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी का होईना, जाऊन यावे. पाणी, जेवण, मुलींच्या राहण्याची जागा आणि आजारी मुलांची व्यवस्था पाहावी.

5) गाव सोडण्यापूर्वी, मग ते भट्टीसाठी असो की व्हॅनसाठी, समितीच्या एका सभेला यावे आणि काय कमी आहे ते सर्वांसमोर सांगावे. एवढे करूनही बदल झाला नाही, तर ज्याला जायचे त्याने जरूर जावे. मुलाचे वर्ष कोणासाठी वाया घालवू नये.

खराब झालेले खाचर आपण लगेच विकून टाकीत नाही. आधी बांध घालतो, माती तपासतो, एक-दोन हंगाम वाट पाहतो. गावची शाळा हे साऱ्या गावाचे सामाईक खाचर आहे. तिला तेवढी एक संधी द्यावी, अशी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.