एका खेड्याची ओळख : चारठाणा



इतिहास म्हटला की आपल्याला देवगिरी आठवते, पैठण आठवते; आपल्याच परभणी जिल्ह्यातील खेडे मात्र आठवत नाही. म्हणून आज मी जिंतूर तालुक्यातील चारठाणा या गावाविषयी चार शब्द बोलणार आहे.

जिंतूरहून जालन्याकडे निघाले की चारठाण्याचा फाटा लागतो. आत गेल्यावर घरांच्या मधूनच यादवकालीन शिल्पे डोकावू लागतात. येथे ३६० देवळे आणि ३६० विहिरी होत्या, असे लोक सांगतात. हा आकडा कोणी मोजलेला नाही. पण गावाला देवळाइतकीच विहिरीची आठवण राहिली, हे मला अधिक मोलाचे वाटते.

या देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. ही बांधणी मात्र त्याच्याही आधीची आहे. चुना न घालता दगडात दगड अडकवून रचलेली ही कामे आहेत. गोकुळेश्वराच्या देवळाजवळ बारव आहे. बारवेला पायऱ्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. वैशाखात पाणी खाली गेले, तरी घागर घेऊन माणसाला त्याच्यापर्यंत पोहोचता यावे, हा त्यांचा हेतू.

गावात एक उंच कोरीव स्तंभ उभा आहे. कोणी त्याला दीपमाळ म्हणतो, कोणी मानस्तंभ. मानस्तंभ जैन मंदिरापुढे असतो, दीपमाळ देवीदेवांपुढे. नावांचा वाद पंडितांनी करावा. गावाने मात्र तो स्तंभ आपला मानला आहे.

१२९६ साली अलाउद्दीन देवगिरीवर चालून आला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यादवांचे राज्य लयास गेले. त्यानंतर कितीतरी राजवटी झाल्या. १९४८ साली निजामाची सत्ताही संपली. राजे गेले, देवळे गावाच्या पदरात राहिली. येथल्या एका महादेवाचे नाव उकंडेश्वर आहे. उकंडा म्हणजे उकिरडा! या नावाला हसू नये. देवही कचऱ्याखाली जाऊ शकतो आणि गावाने मनावर घेतले तर वरही येऊ शकतो, एवढे त्यातून मी शिकतो.

हे केवळ बोलणे नव्हे. सेलू तालुक्यातील वालूर येथे चक्राकार पायऱ्यांची दुर्मिळ बारव आहे. गाळाने बुजलेली ती बारव गावकऱ्यांनीच अलीकडच्या वर्षांत उपसून मोकळी केली.

श्रोतेहो, खेड्याचा इतिहास ग्रंथात कमी आणि दगडात जास्त असतो. कोरीव दगड उचलून गोठ्याच्या भिंतीत बसवला की त्या ग्रंथाचे एक पान फाटते. बारवेत कचरा टाकला की सारा ग्रंथच बुडतो. राखणदार सरकारने नेमावेत, हे खरे. परंतु पहिला राखणदार शेजारी राहणारा माणूस असतो. आपणही या सुटीत मुलाबाळांना घेऊन चारठाण्याला जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.