फडताळाची किल्ली

शांतता म्हटली की तुम्हाला कबुतरं आठवतात, तह आठवतात. मला किल्ली आठवते. फडताळाची.

आजोळी दोन माम्यांच्या चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा रोज एकच कुरबुर : ‘माझं तूप तिच्या बरणीत गेलं.’ आजीनं उपदेश केला नाही. हिच्या फडताळाची किल्ली तिला दिली, तिची हिला. वाटेल तेव्हा उघडा, बघा.

आता ऐंशीच्या दशकातले ब्राझील आणि अर्जेंटिना घ्या. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर तेव्हा दोघांचीही सही नाही आणि युरेनियम समृद्ध करायचा खटाटोप दोन्हीकडे गुपचूप. नोव्हेंबर १९८३ मध्ये अर्जेंटिनानं जाहीर केलं, आम्हाला जमलं! ब्राझीलला काय वाटलं असेल? तूप.

पुढे दोन्हीकडचे लष्करशहा गेले, मुलकी सरकारं आली. जुलै १९८७ मध्ये अर्जेंटिनाचे अध्यक्ष अल्फोन्सीन यांनी ब्राझीलचे अध्यक्ष सार्ने यांना युरेनियम समृद्ध करायचा तो पिल्कानियेऊचा कारखाना दाखवला. पुढच्या वर्षी सार्ने यांनी त्यांना आपलं अरामार केंद्र दाखवलं. नाव ऐकून आपलं आरमार आठवतं, आणि गंमत म्हणजे ते नौदलाचंच.

१९९१ साली दोघांनी मिळून तपासणीची संस्था काढली, अबाक. कचेरी रिओ द जानेरोला. नियम नीट ऐका : ब्राझीलचे कारखाने अर्जेंटिनाचा माणूस तपासतो, अर्जेंटिनाचे ब्राझीलचा. पुन्हा सांगतो, कारण हेच निसटतं. आपलं फडताळ आपण नाही तपासायचं, शेजाऱ्यानं तपासायचं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे तपासनीसही येतात. आजीही डोकावायचीच की.

लोक म्हणतात, आधी विश्वास, मग किल्ली. अहो, विश्वास असता तर किल्ली लागली असती कशाला? माझ्या माम्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही. तुपावरून मात्र पुन्हा भांडण झालं नाही.

स्टुडिओच्या काचेपलीकडून हात वर झालाय. एवढंच सांगतो. आपण आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतो, त्यांवर हल्ला करायचा नाही म्हणून. कारगिलनंतरच्या जानेवारीतही दिल्या. म्हणजे डबे कुठं आहेत ते कागदावर लिहून दिलं; झाकण उघडून बघणं नाही. आता ही यादी किल्लीकडे जाणारी पायरी म्हणायची, की किल्ली द्यावी लागू नये म्हणून... हो हो, थांबतो.