नव्या संगणकावर जुनें फ्रंटपेज



सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं आपल्याकडे संकेतस्थळें काढण्याची मोठी हौस उत्पन्न झाली होती. शाळा, वाचनालयें, नाट्यमंडळें, इतकेंच काय पण आपल्या कुळाचा वृत्तांत लिहिणारीं कुटुंबें देखील या उद्योगास लागलीं. यांपैकीं पुष्कळांस एचटीएमएल ही पानें रचण्याची भाषा येत नव्हती. कागदावर मजकूर लिहावा, शेजारीं चित्र चिकटवावें, त्याप्रमाणें पडद्यावर पान मांडावें आणि त्यामागची भाषा प्रोग्रामनें आपण होऊन लिहावी, अशी सोय त्यांस फ्रंटपेजनें करून दिली. आज त्या संस्थांच्या कपाटांत सीडी आहे, पानेंही आहेत. परंतु जुना संगणक बंद पडला आहे आणि नव्यावर तो प्रोग्राम नीट चालत नाहीं. या अडचणींतून वाट कशी काढावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

फ्रंटपेज हें १९९५ सालीं अमेरिकेंतील व्हर्मिअर टेक्नॉलॉजीज या लहानशा कंपनीनें तयार केलें. १९९६ च्या आरंभीं मायक्रोसॉफ्टनें ती कंपनीच विकत घेतली. २००३ ची आवृत्ति ही त्याची शेवटची. ८ एप्रिल २०१४ रोजीं या आवृत्तीची व विंडोज एक्सपीची देखभाल एकाच दिवशीं संपली.

कोणी विचारील कीं, मग या वृद्धास पुन्हा कामाला कशाला जुंपावें? नव्या साधनानें तींच पानें उघडावीं, म्हणजे झालें! याचें उत्तर असें कीं, फ्रंटपेजच्या कांहीं खुबी फ्रंटपेजलाच कळतात. सर्व पानांच्या माथ्यावर एकच मथळा किंवा कडेला एकच अनुक्रमणिका असावी म्हणून त्यांत सामायिक कडांची योजना होती. कडेंतील एक शब्द बदलला कीं तो सगळ्या पानांत बदलला जाई. दुसऱ्या संपादकांत तोच शब्द बदलावा, तर त्या एका पानापुरताच बदलतो आणि उरलेलीं शंभर पानें तशींच राहतात. म्हणून निदान एकदां तरी जुना प्रोग्राम चालवून घेणें सोयीचें असतें.

तो अडतो कोठें, तें आतां पाहूं. पहिली अडचण पिढीची. संगणकाचे प्रोग्राम १६, ३२ आणि ६४ बिट अशा पिढ्यांचे असतात. २०२१ सालीं आलेलें विंडोज ११ हें केवळ ६४ बिटांचेंच आहे. तें ३२ बिटांचा प्रोग्राम सांभाळून घेतें. १६ बिटांचा मात्र मुळींच चालवीत नाहीं. गंमत अशी कीं, त्या काळच्या कित्येक सीडींवर मुख्य प्रोग्राम ३२ बिटांचा, पण तो उतरवून देणारा मदतनीस १६ बिटांचा असे. अशा वेळीं दारवानानेंच दार अडवलें असें होतें. फ्रंटपेज २००३ हें ३२ बिटांचें असल्यामुळें त्याच्या बाबतींत आशेस जागा आहे. त्यास उतरवतांना २५ अक्षरांचा क्रमांक लागतो. तेव्हां सीडीचें वेष्टण कचऱ्यांत जाऊं देऊं नये.

दुसरी अडचण शिस्तीची. जुने प्रोग्राम आपल्या आवडीनिवडी आपल्याच फोल्डरमध्यें लिहून ठेवीत. २००७ सालीं विंडोज व्हिस्टा घरोघर आलें, तेव्हांपासून ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्यें लिहिण्यास सामान्य प्रोग्रामांस मज्जाव झाला. त्यांनीं लिहिलेलें विंडोज गुपचूप दुसऱ्या एका फोल्डरांत नेऊन ठेवतें. मग केलेली निवड सांपडत नाहीं, अशी तक्रार उद्भवते. प्रोग्राम दरवेळीं प्रशासकाच्या अधिकारानें चालवावा, असा सल्ला पुष्कळ लोक देतात. पण घराच्या सगळ्या किल्ल्या पाहुण्याच्या हातीं देण्यासारखेंच तें आहे. त्यापेक्षां प्रोग्राम उतरवतांना ‘प्रोग्राम फाइल्स’च्या बाहेर निराळा फोल्डर करून त्यांत उतरवावा, हें बरें.

इतकें करूनही गाडी अडली, तर प्रोग्रामच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावें. तेथें ‘कंपॅटिबिलिटी’ या भागांत विंडोज एक्सपीचें नांव निवडतां येतें. मग विंडोज त्या प्रोग्रामशीं जुन्या रीतीनें वागूं लागतें. तेंही न साधल्यास शेवटचा उपाय म्हणजे संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या साधनानें एक आभासी यंत्र तयार करावें, त्यांत आपल्याजवळील एक्सपी बसवावें आणि एक्सपीमध्यें फ्रंटपेज. मात्र या आंतल्या यंत्रास इंटरनेटचा वारा लागूं देऊं नये, कारण त्याची डागडुजी करणारें आतां कोणी नाहीं. ॲपलच्या संगणकावर ड्रीमवीव्हरच्या जुन्या आवृत्त्या बाळगणाऱ्यांचीही हीच अवस्था आहे: २०१९ च्या कॅटालिना प्रणालीपासून तेथें ३२ बिटांचे प्रोग्राम चालणें थांबलें.

प्रोग्राम चालूं लागला म्हणजे हर्षानें त्याच्या ‘पब्लिश’ या आज्ञेस हात घालण्याचा मोह होतो. तो आवरावा. जुन्या एफटीपी पद्धतींत आपला परवलीचा शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करतो. पानें संगणकावरच दुरुस्त करावीं आणि फाइलझिलासारख्या नव्या साधनानें सुरक्षित मार्गानें वर चढवावीं. शिवाय फ्रंटपेजचा अभ्यागतांची गणती करणारा आंकडा व अभिप्रायाचे तक्ते यांना सर्व्हरवर त्याचे खास जोडप्रोग्राम लागत. ते तेथें नसतील, तर तीं अंगें काढून टाकणेंच इष्ट.

आतां मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट सांगतों. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचीं पानें मला पाहावयास मिळालीं. २००३ सालीं तीं तयार झालेलीं. प्रोग्राम चालला, चित्रें दिसलीं. परंतु शिक्षकांची नामावळी असावयाची तेथें रोमन अक्षरांचा व चिन्हांचा नुसता भाताचा सडा! कारण उघड होतें. देवनागरीस युनिकोडमध्यें १९९१ पासून स्थान असलें, तरी त्या काळीं आपल्याकडे पुष्कळ मजकूर खाजगी फाँटांत टंकलिखित होई. मूळांत रोमन अक्षर असावें आणि फाँटानें त्यावर ‘क’चें सोंग चढवावें, असा तो प्रकार. फाँट गेला कीं सोंग उतरतें. त्या शाळेंतील कांहीं शिक्षकांचा उल्लेख या नामावळीवांचून अन्यत्र कोठेंही उरलेला नव्हता.

यावर उपाय आहे. आधीं तो जुना फाँट शोधून संगणकावर बसवावा, म्हणजे मजकूर वाचतां येतो. नंतर त्या फाँटाच्या परिवर्तकानें मजकूर युनिकोडमध्यें आणावा आणि डोळ्यांत तेल घालून ताडून पाहावा. ‘वाऱ्या’मधला अर्धा र, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरें येथें परिवर्तक हमखास ठेंचकाळतो. ॲ हें अक्षर तर युनिकोडमध्यें २००८ सालीं आलें. शेवटीं पानाच्या शिरोभागांतील लिपिसंकेताची ओळ बदलून तेथें ‘युटीएफ-८’ असें लिहावें, फाइलही त्याच संकेतांत जतन करावी आणि जुन्या फाँटाचें नांव पानांतून पुसून टाकावें. हें काम साध्या नोटपॅडमध्येंही होतें.

नोटपॅडचें नांव मीं मुद्दाम घेतलें. एचटीएमएलचें पान म्हणजे अखेर साधा मजकूर होय. तो वाचण्यास कोणत्याही एका कंपनीची मेहेरबानी लागत नाहीं. म्हणून माझें सांगणें एवढेंच कीं, जुनें फ्रंटपेज चालवावें तें त्यांत पुन्हा बिऱ्हाड थाटण्यासाठीं नव्हे. आंत अडकलेलीं पानें बाहेर काढून घ्यावीं, युनिकोडमध्यें तीं कायमचीं करावीं, त्यांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या आणि त्या कोठें आहेत हें घरांतील किंवा संस्थेंतील तरुण माणसास सांगून ठेवावें. सीडी झिजतात आणि संगणक मोडतात. ज्यांनीं तीं पानें रचलीं तीं माणसेंही आतां थकत चाललीं आहेत. तीं आहेत तोंवरच त्यांस विचारून हें काम उरकून घ्यावें, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.