जुन्या जीपचा लाल दिवा



गेल्या पावसाळ्यात गगनबावड्याकडचे एक शेतकरी आपली जुनी फोर-व्हील जीप घेऊन आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजच्या शेडमध्ये आले. दीड वर्षात दोन बॅटऱ्या बसल्या होत्या आणि तिसरीही सकाळी सेल्फ उचलत नव्हती. "चौथी टाकायची का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी मीटर लावू, मग बघू."

इंजिन चालू करून हेडलाइट लावले. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर १४.२ व्होल्ट, बॅटरीवर मात्र १३.१. अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता, पण वाटेत १.१ व्होल्ट गळत होते. मीटरची एक पिन इंजिनावर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर धरली, तर ०.९ व्होल्ट. तिथे ०.२ च्या वर दिसायला नको. इंजिनाला चेसिसशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बघितली. आदल्या वर्षी डेंटिंग-पेंटिंग करताना चेसिसला काळा रंग मारलेला आणि पट्टी त्या रंगावरच आवळलेली. पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड चकचकीत केलं, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. बॅटरीवर १४ व्होल्ट दिसायला लागले. दोन बॅटऱ्यांचे पैसे एका पॉलिश पेपरपायी गेले होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: बॅटरी बदलायच्या आधी मोजा. काही शे रुपयांत मीटर मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी चांगली असेल, तर १२.६ च्या आसपास दाखवते. गाडी चालू केल्यावर १३.८ ते १४.४ हवेत. आकडा वाढलाच नाही, तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेला, तर रेग्युलेटर बिघडलाय. मग बॅटरीचं पाणी लवकर आटतं, ॲसिडचा वास येतो.

आता डॅशबोर्डवरचा तो चार्जिंगचा लाल दिवा. चावी फिरवली की तो लागला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. पुष्कळ जण दिवा लागतच नाही म्हणून निश्चिंत असतात. पण जुन्या गाड्यांत या दिव्याच्या बल्बमधूनच अल्टरनेटरच्या रोटरला सुरुवातीचा थोडा करंट मिळतो. बल्ब उडाला, की अल्टरनेटर जागाच होत नाही, किंवा जोरात रेस दिल्यावर होतो. आधी बल्ब बघा.

मग अल्टरनेटर फिरवणारा पट्टा. मधोमध अंगठ्याने दाबला, तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. पावसात सकाळी किंचाळत असेल, तर तो घसरतोय. आतून काचेसारखा चकाकत असेल, तर ताणत बसू नका, बदला.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल, तर सकाळी गाडी चालू करायच्या आधी अल्टरनेटरला हात लावा. कोमट लागला, तर आतला डायोड गेलाय आणि बॅटरीचा करंट उलटा त्यात शिरतोय.

आपल्याकडे अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. नावाला माझी हरकत नाही, पण डायनामोच्या काळातली एक सवय घातक आहे. चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि इंजिन बंद पडतंय का ते बघायचं, ही ती सवय. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. बॅटरी निघाली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड, रेग्युलेटर क्षणात जळू शकतात. चांगला अल्टरनेटर असा तपासताना मेलेला मी कितीदा पाहिलाय. चेसिसला वेल्डिंग करतानाही आधी बॅटरी सोडवा.

२०१९ आणि २०२१ च्या आमच्याकडच्या महापुरात बुडालेल्या गाड्यांनीही बरंच शिकवलं. गाळाचं पाणी कार्बन ब्रशमध्ये आणि बेअरिंगमध्ये बसतं. वरून कोरडा दिसणारा अल्टरनेटर महिन्याभराने घरघर करायला लागतो. अशी गाडी असेल, तर तो उघडून साफ करून घ्या.

आणि हौस म्हणून पुढे १०० वॉटचे चार दिवे लावणाऱ्यांसाठी साधा हिशोब: ४०० वॉट म्हणजे १२ व्होल्टला ३३ अँपिअर. तुमच्या अल्टरनेटरवरच्या पट्टीवर किती अँपिअर लिहिलेत ते आधी वाचा.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्युम पंप असतो आणि ब्रेकच्या बूस्टरला ओढ तिथून मिळते. त्याचं सील गळलं, की तेल आत शिरून ब्रश खराब होतात. मागून तेल ओघळलेलं दिसलं, तर हे ओळखा. आणि पट्टाच तुटला, तर चार्जिंगही जातं आणि पंपही थांबतो. बूस्टरमध्ये उरलेल्या ओढीवर एक-दोनदा ब्रेक नेहमीसारखा लागेल, मग पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटेल. लाल दिवा लागला आणि ब्रेक जड झाला, तर गाडी बाजूला घ्या, चाकाला दगड लावा आणि पट्टा बसवल्याशिवाय ती करूळ घाटात उतरवू नका.